बुवांचं यंत्र आणि हौसाक्कांचे रांजण

मंडळी, ऐका! पंख्याचं तोंड कुणीकडे करायचं हे भांडण आरतीनंतर करा, पंखा कुठे पळून जात नाही. आत्ता ऐका.

पूर्वरंग झाला, निरूपण झालं, आता आख्यान. पण आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई नको. प्रश्न असा — समोरच्याचं पाणी घाण आहे, हे आपण कशावरून ठरवतो?

पाणीच म्हणतोय मी. प्यायचं पाणी! मन, चित्त, अंतःकरण हे शब्द मुद्दामच काढत नाही. ते शब्द आले की तुम्ही भक्तिभावानं डोळे मिटता, आणि थोड्या वेळानं तिसऱ्या रांगेतून घोरणं ऐकू येतं, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

तर आजचं आख्यान पुराणातलं नाही. यात राक्षस नाही, शाप नाही, आकाशवाणी नाही. यात एक कीर्तनकार बुवा आहेत, पाणी शुद्ध करायचं एक यंत्र आहे आणि तीन रांजण आहेत. बुवांचं नाव वामनबुवा. राहणार इथलेच, बोरजाईचे. आता तुम्ही म्हणाल, बोरजाईत वामनबुवा नावाचे कीर्तनकार आहेत तरी किती? — दामूअण्णा, तुम्ही तबल्याकडे बघा, माझ्याकडे बघून हसू नका. — कितीही असोत! मी आपली तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तशी सांगणार. स्वतःची फजिती 'मी, मी' करून सांगायला गेलं की जीभ जड होते. 'ते बुवा' म्हटलं की कशी घडाघडा सांगता येते. घरी करून बघा.

या बुवांना एक खोड होती. दिसेल त्याचा दृष्टांत करायचे. एसटी पंक्चर झाली की बाकीचे प्रवासी कंडक्टरशी भांडायचे आणि बुवा खिशातून कागद काढून लिहायचे — देह हे चाक, वासना हा खिळा. घरात कुकरची शिट्टी झाली की बुवांना वैराग्य सुचायचं. त्यांच्या पत्नीला, कुमुदताईंना, फक्त गॅस बंद करायचं सुचायचं. ती वस्तू चालते कशी, आपण म्हणतो ते खरं का, हे बघायला बुवांना सवड नसे. दृष्टांत बसला ना? मग झालं! ही खोड लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं.

गेल्या वर्षी फाल्गुनात बुवांचा घसा बसला. बसला तो एका लग्नातल्या मिरचीच्या भज्यांनी. पण भज्यांवर आळ कोण घेणार? पुन्हा खायची असतात ना! बुवांनी आळ घेतला पाण्यावर. त्यांच्या घरी बोअरचं पाणी. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसायचा, डाळ शिजता शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. पाणी जड होतं हे खरंच. बुवांनी जाहीर केलं, घरात पाण्याचं यंत्र आणायचं.

आणि मंडळी, मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा माणसाला एवढे सल्ले मिळत नाहीत! कुणी म्हणालं तुरटी फिरवा. कुणी म्हणालं तांब्याचा हंडा भरून ठेवा. देवस्थानचे अध्यक्ष म्हणाले, कँडलचा फिल्टर घ्या, आमच्याकडे तो वीस वर्षं आहे, कँडल अजून बदललेली नाही. आता याला फिल्टरची स्तुती म्हणायचं की तक्रार, ते बुवांना कळेना. जावयांनी पुण्याहून फोनवर बारा व्हिडिओ पाठवले. पहिल्यात होतं, यंत्र घेतलंच पाहिजे. बाराव्यात होतं, यंत्राचं पाणी पिऊन हाडं ठिसूळ होतात. बुवांनी बाराही पाहिले आणि दोन दिवस जिना जपून उतरले.

खरं म्हणजे गोष्ट सोपी आहे. पाणी गढूळ असेल तर नुसती गाळणी पुरते. जंतू असतील तर ते मारणारा निळा दिवा लागतो. क्षार असतील तर बारीक पडद्यातून पाणी ढकलून क्षार बाजूला काढणारं यंत्र लागतं. तेव्हा आधी काय बघायचं? आपल्या पाण्यात काय आहे ते! हे आज मी तुम्हाला ऐटीत सांगतोय. तेव्हा बुवांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि आपल्याला माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

कुमुदताईंना मात्र माहीत होतं. त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "अहो, तालुक्याला पाणी तपासून देतात. एक बाटली भरून देऊन या. मग काय घ्यायचं ते ठरवू."

बुवांना हसू आलं. गेली तीस वर्षं आपण माणसांची मनं तपासतोय, आपल्याला बाटली भरून तालुक्याला जायला सांगतात! ते म्हणाले, पाण्याचं आपण बघून घेऊ, तू कणकेचं बघ. — हो, हसा. कुमुदताई समोरच बसल्यात, त्याही हसतायत. त्या दिवशी हसल्या नव्हत्या.

आणि मग आले मोहिते.

मोहिते म्हणजे यंत्रवाले. कंपनीचं नाव सांगत नाही. फुकट जाहिरात एकदा करून बसलोय. चाळिशीचा गृहस्थ, मार्चच्या उन्हात गळ्याला टाय, मोटारसायकलला मागे पेटी. बोलणं इतकं गोड की बुवांना वाटलं, हा कीर्तनकार व्हायचा चुकून या धंद्यात पडला. त्यांनी पेटीतून दोन काचेचे पेले काढले. एकात आपल्या यंत्राचं पाणी ओतलं, दुसऱ्यात बुवांच्या नळाचं. दोन्ही पाणी सारखंच, स्वच्छ, आरपार दिसणारं. मग एक उपकरण काढलं — खाली लोंबणाऱ्या लोखंडी सळया, वर वायर, वायरला पिन. सळया दोन्ही पेल्यांत सोडल्या, पिन लावली, बटण दाबलं.

यंत्राचं पाणी जसंच्या तसं. आणि बुवांच्या नळाचं पाणी? आधी पिवळं. मग तांबूस. मग त्यात बुडबुडे, मग गुठळ्या, आणि मिनिटभरात वर अशी तपकिरी साय धरली की बघवेना! मोहिते हलक्या आवाजात म्हणाले, "महाराज, हे रोज तुमच्या पोटात जातं."

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. बुवा घाबरले नाहीत. बुवांच्या अंगावर आनंदानं काटा आला! कारण त्यांना पाणी दिसतच नव्हतं. त्यांना दिसत होतं हे व्यासपीठ, रामनवमीचा उत्सव, चारशे माणसं, आणि ते स्वतः. बाहेरून निर्मळ दिसणाऱ्या माणसाच्या आत किती गाळ असतो, आणि सत्संगाची सळई पडली की तो कसा वर येतो! एवढा तयार दृष्टांत आजवर कुणाच्या घरी चालत आला होता का? कुमुदताई विचारत होत्या, या सळया कसल्या आहेत, पाण्यात वीज सोडल्यावर नक्की काय होतं. बुवा विचारत होते, हे उपकरण उत्सवापुरतं उसनं मिळेल का.

मोहित्यांनी आनंदानं दिलं. का नाही देणार?

यंत्र आलं. बुवांनी ते ईशान्येला लावायचं ठरवलं, पण ईशान्येला पिन लावायची सोय नव्हती. शेवटी नैर्ऋत्येला लागलं आणि बुवांनी मनातल्या मनात दिशांची क्षमा मागितली. यंत्रातून एक बारीक नळी बाहेर पडते, तिच्यातून नको असलेलं पाणी वाहतं, आणि ते चांगलं बादलीभर असतं. ते बघून बुवा हळहळले. कुमुदताईंनी बोलण्यात वेळ न घालवता खाली बादली लावली. तेव्हापासून त्यांच्या घरची फरशी त्याच पाण्यानं पुसतात.

आता यंत्र राहू द्या बाजूला. रांजणांकडे या.

या देवळाच्या बाहेर, कडुनिंबाखाली, तीन रांजण आहेत. आज पालथे आहेत. येताना पाहिलेत? पाहिलेत. त्यांवर चपला ठेवणारेही पाहिले मी. ते रांजण हौसाक्कांचे. लांबून आलेल्यांसाठी सांगतो — हौसाक्का म्हणजे त्या तिथे, खांबाला टेकून बसल्यात त्या. सव्वीस वर्षांपूर्वी चैत्राच्या उन्हात त्यांचे मालक घाटात पडले. ऊन लागलं होतं, वाटेवर पाणी मिळालं नाही, तिथेच गेले. पुढच्या पाडव्याला अक्कांनी इथे पहिला रांजण मांडला. मग दुसरा, मग तिसरा.

दर उन्हाळ्यात पहाटे आडावर जायचं, आठ कळशा पाणी शेंदायचं, चौपदरी फडक्यातून गाळायचं. रांजण रोज काथ्यानं आतून घासायचे. त्यात वाळ्याची जुडी टाकायची. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं त्या स्वतः द्यायच्या. रांजणात दुसऱ्या कुणाचा हात जाता कामा नये. एकदा बुवांनी घाईघाईत आपला तांब्या बुडवला होता, तर अक्कांनी अख्खा रांजण झाडाच्या मुळाशी ओतला आणि पुन्हा भरायला आडावर गेल्या. बुवांना तेव्हा फार राग आला होता. आपला तांब्या काय अपवित्र आहे? घासलेला होता, अक्का, पण जाऊ द्या.

आणि आपल्या गावची एक रीत आहे. रामनवमीला जन्माचं कीर्तन करणारा बुवा सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही. दुपारी बाराला पाळणा हलला, गुलाल उडाला, की हौसाक्का रांजणातला पेला घेऊन येतात आणि बुवांना देतात. त्याला म्हणायचं जन्माचा पेला. बुवा तो प्याले की मग सगळ्यांना सुंठवडा. वर्षभरात एवढाच एक क्षण असा, की सगळं गाव हौसाक्कांकडे बघतं. बाकी वर्षभर गाव फक्त पाणी पितं आणि पुढे जातं.

आता ऐका, बुवांनी काय केलं.

गेल्या वर्षी उत्सवाचा सातवा दिवस. संध्याकाळचं कीर्तन, मंडप भरलेला. बुवांनी टेबल मांडलं, पेले मांडले, सळया, वायर, सगळं तयार. एका पेल्यात घरून आणलेलं यंत्राचं पाणी ओतलं. दुसऱ्यासाठी साधं पाणी आणायचं मात्र विसरले. सगळी तयारी दृष्टांताची; पाण्याची तयारी कोण करतो! तेव्हा माइकवरून म्हणाले, कुणीतरी पेलाभर पाणी आणा बरं, कुठलंही चालेल.

हौसाक्का उठल्या. त्यांना वाटलं, बुवांना तहान लागली. त्यांनी पेला धुतला, पदरानं पुसला, रांजणातून भरला आणि दोन्ही हातांनी बुवांच्या हातात दिला.

बुवांनी तो टेबलावर ठेवला आणि त्यात सळया सोडल्या.

पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पिवळं, तांबूस, तपकिरी, वर साय. मंडपातून 'आई गं' असा आवाज आला. आणि बुवा — त्या क्षणी बुवांना कीर्तन कसं चढलं होतं म्हणून सांगू! ते पेला उंच धरून म्हणाले, "बघा! हेच तुम्ही इतकी वर्षं गोड मानून पीत होतात!" टाळ्या पडल्या. दामूअण्णांनी तिहाई वाजवली. वाजवलीत ना, अण्णा? मग मघाशी काय हसत होतात!

बुवांच्या मनात हौसाक्का नव्हत्याच, हे देवाशपथ खरं आहे. त्यांच्या मनात फक्त स्वतःचा दृष्टांत होता. पण त्यामुळे काय फरक पडतो? खांबाशी एक बाई उभी होती, तिच्या हाताला अजून पेल्याचा ओलावा होता, आणि चारशे माणसं मान वळवून तिच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी रांजणांकडे कुणी फिरकलं नाही. उन्हातून माणसं यायची, कडुनिंबाखाली टेकायची, आणि पिशवीतून प्लास्टिकच्या बाटल्या काढायची. एका आईनं तर पेल्याकडे गेलेल्या लेकराचा हात मागे ओढला. अक्का ओगराळं हातात धरून संध्याकाळपर्यंत बसल्या. मग उठल्या, तिन्ही रांजणांतलं पाणी झाडाला घातलं आणि रांजण पालथे करून घरी गेल्या. तिकडे मोहित्यांनी त्या आठवड्यात गावात अकरा यंत्रं बसवली. बुवांना वाटलं, केवढी ही लोकजागृती!

नवमी आली. बारा वाजले, पाळणा हलला, गुलाल उडाला. बुवांचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी सवयीनं हात पुढे केला आणि खांबाकडे पाहिलं. खांबाशी कुणी नव्हतं. अध्यक्षांनी चटकन एक सीलबंद बाटली पुढे केली. बुवांनी झाकण पिळलं, त्याचा कट्ट असा आवाज माइकमधून मंडपभर झाला, आणि बुवा ते पाणी प्याले. गिळताना काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटलं. पण सुंठवडा आला, आणि बुवा सुंठवड्यात गुंतले.

म्हणजे इथवर बुवांना काही कळलेलं नाही, हे ध्यानात आलं ना? कळायला मीठ लागलं.

पौर्णिमेला हनुमान जयंतीचं कीर्तन शेजारच्या गावी होतं. तिथेही हाच दृष्टांत करायचा म्हणून बुवा सकाळी ओट्यापाशी सराव करत होते. कीर्तनकाराच्या घरी ओट्यावर एक पेला कायम असतो — गुळण्यांचा, मीठ घातलेला. बुवांच्या शेजारी तो होता. यंत्राच्याच पाण्यात कुमुदताईंनी मीठ कालवून ठेवलं होतं. बुवा तोंडानं 'सत्संगाची सळई' म्हणत होते, हातानं तोच पेला पुढे ओढला, सळया सोडल्या, बटण दाबलं.

मंडळी, रांजणाचं पाणी तांबूस व्हायला मिनिट लागलं होतं. हे पाणी बघता बघता काळंतपकिरी झालं. फेस काय, गुठळ्या काय! बुवांच्या घरचं यंत्राचं शुद्ध पाणी!

बुवांनी मोहित्यांना फोन केला आणि कीर्तनात कधी न वापरलेले शब्द वापरले. मोहिते धावत आले. आता ओट्यापाशी दोघे पुरुष एकमेकांना यंत्र समजावून सांगतायत, आवाज चढलेत, आणि कुमुदताई शांतपणे तीन पेले मांडतायत. पहिल्यात यंत्राचं नुसतं पाणी. दुसऱ्यात यंत्राचंच पाणी आणि चिमूटभर मीठ. तिसऱ्यात नळाचं. प्रत्येकात सळया सोडून बघितल्या. पहिलं स्वच्छ राहिलं. दुसरं काळंतपकिरी झालं. तिसरं तांबूस.

त्या म्हणाल्या, "मीठ काय घाण असतं का? मग हा गाळ आला कुठून?" आणि त्यांनी सळई पुसून उजेडात धरली. सळई खडबडीत झाली होती, टोकाशी खाल्लेली दिसत होती.

मोहित्यांनी सळईचं टोक बोटानं चाचपलं. मग हळूच म्हणाले, "वहिनी, वर्षातून दोनदा या सळया मी बदलतो. झिजतात. झिजून कुठं जातात, ते कधी मनातच आलं नाही."

झालं! पाण्यात क्षार असले की वीज खेळते, वीज खेळली की लोखंड विरघळतं, आणि ते गंजून वर येतं. पाण्यात जंतू आहेत का, विष आहे का, हे त्या सळईला काही कळत नाही. तिला फक्त स्वतःचा गंज सोडता येतो. चारशे माणसांसमोर हौसाक्कांच्या पाण्यात दिसली ती घाण रांजणातली नव्हती. बुवा आपल्या हातानं घालून गेले होते.

दुसऱ्या दिवशी कुमुदताई स्वतः तालुक्याला गेल्या. स्वच्छ बाटल्यांत दोन नमुने नेले, एक घरच्या बोअरचा, एक आडाचा. बुवा पिशवी धरायला बरोबर होते. काही दिवसांनी अहवाल आला. बोअरचं पाणी क्षारांनी जड. तिथे पडद्याचं यंत्र लावणं योग्यच. आडाचं पाणी पिण्यास योग्य. जंतू नाहीत, ग्रामपंचायतीची जंतुनाशक पावडरही वेळेवर पडते. यंत्र चुकीचं नव्हतं, मंडळी. बुवांच्या घरी ते हवंच होतं. चुकीचे बुवा होते. एक बाटली आधी भरली असती तर दोन्ही गोष्टी तेव्हाच कळल्या असत्या.

अहवाल वाचून बुवांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. शेवटी ते हौसाक्कांच्या घराकडे निघाले. अक्का देवळाकडून येताना वाटेत भेटल्या. कडुनिंबाआड, कुणी बघत नाही असं पाहून, बुवांनी हात जोडले. सळयांचं सगळं सांगितलं, अहवाल दाखवला, माझं चुकलं म्हणाले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "बुवा, पानी घान हाय म्हनलासा तवा माइक हुता. आता का न्हाई?"

आणि गेल्या.

मंडळी, तेव्हापासून अकरा महिने झाले. या अकरा महिन्यांत या व्यासपीठावर त्या बुवांची सहा कीर्तनं झाली. सहा वेळा हातात माइक होता. गोकुळाष्टमीला ते सांगणार होते, पण दहीहंडीची गडबड होती. दत्तजयंतीला सांगणार होते, पण आख्यान लांबलं. एकदा तर विषयच होता 'कबुली', त्यात त्यांनी वाल्याची कबुली सांगितली, अजामेळाची सांगितली, श्रोत्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं, आणि स्वतः बिदागी घेऊन घरी गेले! दुसऱ्यांच्या पापांवर दोन-दोन तास बोलणारा माणूस, याला स्वतःच्या एका चुकीवर दोन मिनिटं मिळेनात.

तर आज मिळाली. आज अष्टमी आहे. उद्या नवमी. आता 'ते बुवा' पुरे झाले. तो मी आहे. हा माझ्या हातात माइक आहे, आणि हौसाक्का, तुमच्या रांजणाचं पाणी स्वच्छ होतं. घाण मी घातली. हा अहवाल देवळाच्या फळ्यावर लावलाय, ज्याला वाचायचाय त्यानं वाचावा.

थांबा. टाळ्या नकोत! गेल्या वर्षीच्या टाळ्या मला अजून पुरतायत.

आणि आता तुमच्याकडे वळतो. बुवानं सळया बुडवल्या, कबूल. पण पाणी प्यायचं कुणी सोडलं? पंचवीस वर्षं तुम्ही ते पाणी प्यालात. तुमची लेकरं त्यावर वाढली, कुणाचं पोट दुखलं नाही. आणि एका बुवानं एका मिनिटात पेला तांबूस करून दाखवला, तर तुमच्यातल्या एकानं तरी उठून विचारलं का, की बुवा, तुमची सळई बघू? मला कुमुदताईंनी विचारलं होतं, मी ऐकलं नाही. तुम्हाला तर विचारावंसंही वाटलं नाही. घरी जाल तेव्हा आठवा — सुनेच्या पेल्यात कुणी सळई सोडली, शेजाऱ्याच्या पेल्यात कुणी, आणि वर आलेली साय बघून 'बघा, मी म्हणत नव्हतो?' असं कोण म्हणालं. सुरुवातीचा माझा प्रश्न हाच होता. आता त्याचं उत्तर प्रत्येकानं आपापल्या पेल्यापुरतं द्यायचं आहे.

माझं मागणं एवढंच आहे. अक्का, उद्या बाराला मी हात पुढे करणार. तुम्ही याल की नाही, मला माहीत नाही. नाही आलात तर मी तसाच तहानलेला बसेन, बाटली घेणार नाही. कुणी माझ्या काळजीनं पुढे करूही नका. अध्यक्ष, तुम्हाला सांगतोय.

काय म्हणालात, अक्का? — जरा शांत राहा रे मागे. — काय?

मंडळी, मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. अक्का म्हणतायत, रांजण वर्षभर पालथे आहेत, वर चपला ठेवल्यात लोकांनी. आज काथ्यानं घासायला लागतील, दोन पाण्यानं धुवायला लागतील, आणि त्यांचे गुडघे आता आठ कळशा ओढू देत नाहीत. — ऐकतोय, अक्का. उद्या पहाटे आडावर मी येतो. कुमुदताई येतायत. मोहिते, तुम्ही मागे उभे आहात, मी बघितलंय, टाय काढून या.

आणखी काय? ... बरं.

अक्का म्हणतायत, इतक्या दिवसांचा कोरडा रांजण, त्यात पहिल्या दिवशी पाणी गार होत नाही. उद्या कोमट असेल. विचारतायत, चालेल का?

मला नाही विचारत, मंडळी. तुमच्याकडे बघून विचारतायत.

रोज या ठिकाणी मी 'बोला' म्हणतो आणि तुम्ही देवाचं नाव घेता. आज आधी अक्कांना उत्तर द्या. रामराय तोवर थांबतील.

हं, बोला.